सकाळी सातची वेळ कोणाच्या मालकीची?

डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात देशभरातील विमानतळांवर जे घडले, त्याचे वर्णन बहुतेकांनी एका कंपनीचा ढिसाळ कारभार असे केले. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम १ नोव्हेंबरपासून पूर्णपणे लागू होणार, हे इंडिगोला कित्येक महिने आधीपासून ठाऊक होते. तरीही त्या नियमांनुसार लागणाऱ्या वैमानिकांची जुळणी तिने वेळेत केली नाही, आणि ५ डिसेंबर या एकाच दिवशी हजाराहून अधिक उड्डाणे रद्द झाली. दुसऱ्या दिवशी सरकारने सर्वच कंपन्यांच्या भाड्यांवर मर्यादा घातली. पाचशे किलोमीटरपर्यंत ७,५०० रुपये, हजारपर्यंत १२,०००, दीड हजारपर्यंत १५,००० आणि त्यापुढे १८,००० अशी ती होती. त्याच सुमारास नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, इंडिगोला रात्रपाळीच्या नियमांतून १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सूट दिली.

या साऱ्या घटनाक्रमात मला सर्वांत गंभीर वाटते ती ही सूट. थकलेल्या वैमानिकाच्या हाती विमान जाऊ नये म्हणून केलेला नियम न्यायालयात वर्षानुवर्षे चाललेल्या वादानंतर अमलात आला, आणि तो ज्या कंपनीने पाळला नाही तिच्यासाठीच बाजूला ठेवावा लागला. अधिकाऱ्यांची नियत वाईट होती असे मला म्हणायचे नाही. त्यांच्यापुढे दुसरा मार्गच उरला नव्हता. देशांतर्गत विमानप्रवास करणाऱ्या दर तीन जणांपैकी जवळजवळ दोन जण एकाच कंपनीच्या विमानात बसत असतील, तर तिला थांबवणे म्हणजे देशाची हवाई वाहतूक थांबवणे होते. टाटांचा एअर इंडिया समूह तिच्यासोबत धरला, तर या दोघांकडे बाजारपेठेचा नव्वद टक्क्यांहून अधिक हिस्सा आहे. अशा बाजारात ग्राहकाला पर्याय राहत नाही हे आपण सारे जाणतो. नियामकालाही पर्याय राहत नाही, हे त्या आठवड्यात दिसले.

प्रश्न असा आहे की, तीस वर्षांपूर्वी खासगी कंपन्यांना दार उघडून दिलेल्या देशात ही अवस्था का यावी? माझे उत्तर असे आहे की, आपण स्पर्धेचा विचार परवान्यापाशी सुरू केला आणि परवान्यापाशीच संपवला. कोणाला विमान कंपनी काढता येईल, यावर संसदेपासून वर्तमानपत्रांपर्यंत भरपूर चर्चा झाली. परंतु काढलेली कंपनी कोणत्या विमानतळावर, कोणत्या वेळी, कोणत्या कराच्या ओझ्याखाली उडणार आणि बंद पडली तर तिच्या मागे राहिलेल्या जागेचे काय होणार, याकडे आपण प्रशासकीय बारकावे म्हणून पाहिले. विमान कंपन्या जगतात किंवा मरतात त्या याच बारकाव्यांवर.

याची सुरुवात समजून घेण्यासाठी दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात जावे लागते. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल आणले, ती या व्यवसायाची आरंभरेषा म्हणून सर्वांना माहीत आहे; त्या मानाने १९४६ नंतरची सात वर्षे विस्मृतीत गेली आहेत. युद्ध संपल्यावर लष्कराला नकोशी झालेली डाकोटा विमाने स्वस्तात विकली जाऊ लागली आणि परवाना देणाऱ्या मंडळाने हात सैल सोडला. थोड्याच काळात प्रवाशांच्या संख्येच्या मानाने फार जास्त कंपन्या उभ्या राहिल्या आणि तोट्यात गेल्या. त्यांच्या परिस्थितीची चौकशी करण्यासाठी न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखाली १९५० मध्ये समिती नेमली गेली. तेव्हाच्या वाहतुकीला चार कंपन्या पुरेशा आहेत, त्यांनी स्वेच्छेने एकत्र यावे आणि राष्ट्रीयीकरणाची घाई करू नये, असा तिचा कल होता. आज तो अहवाल कोणी काढत नाही, पण त्यातील मूळ निरीक्षण अजूनही खरे आहे: या धंद्यात शिरणे सोपे असते आणि टिकणे कठीण, त्यामुळे केवळ परवाने वाढवल्याने स्पर्धा वाढते असे होत नाही.

त्याच काळातील एका व्यवस्थेचा उल्लेख येथे करावासा वाटतो. १९४९ पासून मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून रात्री टपाल घेऊन निघालेली विमाने मध्यरात्री नागपूरला एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची आणि प्रवाशांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत ती परत जात. एका शहराला केंद्र करून चहूकडची उड्डाणे तेथे ठरावीक वेळी जुळवायची, ही कल्पना अमेरिकी कंपन्यांनी पुढे मोठ्या प्रमाणावर वापरली. नागपूरने ती त्याआधीच राबवून दाखवली होती. तिचा सारा प्राण वेळेत होता. चार विमाने एकाच तासात धावपट्टीवर उतरू शकली नसती, तर ती व्यवस्था अस्तित्वातच आली नसती.

१९५३ च्या राष्ट्रीयीकरणाच्या कायद्याने आठ कंपन्यांची देशांतर्गत सेवा एकत्र करून इंडियन एअरलाइन्स उभी राहिली आणि परदेशी उड्डाणे एअर इंडिया इंटरनॅशनलकडे गेली. पुढची चार दशके स्पर्धेचा प्रश्नच नव्हता. मक्तेदारीच्या त्या काळाबद्दल मला ममत्व नाही. विमानाचे तिकीट ही सामान्य माणसाच्या आयुष्यात न येणारी वस्तू होती, आणि ती तशी राहावी यात कोणाला वावगे वाटत नव्हते.

खासगी कंपन्या परत आल्या त्या मागच्या दाराने. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीस त्यांना हवाई टॅक्सी म्हणून मान्यता मिळाली, आणि नियमित सेवा देणारी कंपनी म्हणून कायदेशीर दर्जा १९९४ मध्ये जुना कायदा रद्द झाल्यावरच मिळाला. मुंबईतून ईस्ट वेस्ट, दमानिया आणि जेट, त्यांच्या जोडीला मोदीलुफ्त, सहारा आणि एनईपीसी, अशी नावे एकामागून एक आली. दमानिया १९९५ मध्ये एनईपीसीला विकली गेली, मोदीलुफ्त १९९६ मध्ये जर्मन भागीदाराशी झालेल्या वादात थांबली, एनईपीसी १९९७ मध्ये बंद पडली. विमानांचे भाडे डॉलरमध्ये, उत्पन्न रुपयात, इंधनावर जबर कर, आणि मोठ्या मार्गांवर उडायचे तर ईशान्य भारत, काश्मीर, अंदमान अशा कमी मागणीच्या मार्गांवरही ठरावीक आसने पुरवण्याची अट. ही शेवटची अट सार्वजनिक हिताची होती आणि मला ती योग्यच वाटते, परंतु शंभर विमानांच्या कंपनीला तिचे ओझे जेवढे जाणवते त्याच्या कितीतरी पट चार विमानांच्या कंपनीला जाणवते, हा विचार ती ठरवताना झाला नाही. दशक संपले तेव्हा नव्या खेळाडूंपैकी जेट आणि सहारा एवढ्याच उरल्या होत्या.

त्याच वर्षांत आणखी एक निर्णय झाला, ज्याचे परिणाम आपण अजून भोगतो आहोत. १९९७ मध्ये परदेशी विमान कंपन्यांना भारतीय विमान कंपनीत भागभांडवल ठेवण्यास मनाई केली गेली. गल्फ एअर आणि कुवेत एअरवेज यांना जेटमधून बाहेर पडावे लागले, आणि टाटा व सिंगापूर एअरलाइन्स यांची एकत्रित कंपनी काढण्याची योजनाही बारगळली. तीच दोन नावे एकत्र येऊन विस्तारा सुरू झाली ती जानेवारी २०१५ मध्ये, म्हणजे जवळजवळ दोन दशकांनंतर. मधल्या काळात परदेशी पैसा कोणाकडूनही येऊ शकत होता, फक्त ज्यांना विमाने चालवण्याचा अनुभव आहे त्यांच्याकडून येऊ शकत नव्हता. २०१२ मध्ये ४९ टक्क्यांपर्यंत मुभा मिळाली, तोपर्यंत अनेक कंपन्या कर्जात रुतल्या होत्या. याच पठडीतला नियम म्हणजे परदेशी उड्डाणांसाठी पाच वर्षांचा अनुभव आणि वीस विमाने यांची अट. ती २०१६ पर्यंत टिकली. फायद्याचे परदेशी मार्ग जुन्यांसाठी राखून ठेवायचे आणि नव्यांनी पाच वर्षे देशांतर्गत मार्गांवर तोटा सोसायचा, असा तिचा सरळ अर्थ होता. देशाची सुरक्षितता, अनुभव, राष्ट्रीय प्रतिष्ठा अशी अनेक कारणे या नियमांसाठी दिली गेली. परिणाम मात्र एकच झाला, आणि तो म्हणजे आधी आलेल्यांचे संरक्षण.

२००३ च्या ऑगस्टमध्ये कॅप्टन गोपीनाथ यांच्या एअर डेक्कनचे पहिले विमान बेंगळुरूहून हुबळीला गेले. जिथे रेल्वेचे आरक्षणही मुश्किलीने मिळे अशा शहरांतील लोक पहिल्यांदा विमानात बसू लागले. पुढच्या तीन वर्षांत स्पाइसजेट, किंगफिशर, गोएअर आणि इंडिगो आल्या. मग २००७ मध्ये जेटने सहारा १,४५० कोटींना घेतली, किंगफिशरने डेक्कन ताब्यात घेतली आणि सरकारने आपल्या दोन कंपन्यांचे विलीनीकरण केले. एका वर्षात सहा कंपन्यांचे तीन समूह झाले. स्पर्धा कायदा २००२ मध्ये संमत झाला होता, परंतु विलीनीकरणांची छाननी करण्याची त्यातील कलमे अमलात आली १ जून २०११ रोजी. म्हणजे या व्यवसायाचा नकाशा ज्या वर्षी बदलला, त्या वर्षी त्याकडे पाहण्याचा अधिकार असलेली यंत्रणा कागदावर होती. मला हा आपल्या आर्थिक प्रशासनातील फार मोठा दोष वाटतो. कायदा करायचा आणि त्याचे दात नऊ वर्षे पेटीत ठेवायचे, यातून बाजाराला जो संदेश जायचा तो गेला.

येथे इंडिगोच्या बाबतीत न्याय्य राहिले पाहिजे. तिने आपला हिस्सा कोणाच्या मेहेरबानीने मिळवलेला नाही. जून २००५ मध्ये, एकही विमान उडवण्याआधी, तिने शंभर एअरबस विमानांची मागणी नोंदवली. इतक्या मोठ्या मागणीवर मिळालेली सवलत, विमान हाती येताच ते भाडेपट्टा देणाऱ्या कंपनीला विकून पुन्हा भाड्याने घेण्याची पद्धत, प्रामुख्याने एकाच जातीची विमाने असल्याने प्रशिक्षणात आणि सुट्या भागांत होणारी बचत, आणि विमान जमिनीवर कमीत कमी वेळ ठेवण्याची शिस्त, यांतून तिचा खर्च इतरांपेक्षा कमी राहिला. बाकीचे मालक पेयांच्या प्रतिष्ठेत आणि परदेशी मार्गांच्या हौसेत गुंतले असताना ती साध्या गोष्टी नेटाने करत राहिली. २०२४ मध्ये देशांतर्गत प्रवाशांची संख्या सोळा कोटींच्या पुढे गेली, त्यात तिचा वाटा कोणीही नाकारू शकत नाही. मोठी कंपनी असणे हा गुन्हा नाही, आणि तिचे तुकडे करावेत असे मी म्हणत नाही.

मात्र येथेच एक युक्तिवाद पुढे केला जातो, ज्याला उत्तर द्यायला हवे. तो असा की, एका कंपनीचा हिस्सा कितीही मोठा असला तरी दार उघडे असेपर्यंत चिंता नको, कारण तिने भाडे अवाच्या सवा वाढवले तर उद्या दुसरा कोणीतरी येईल. या विचाराला अर्थशास्त्रात प्रतिष्ठित घराणे आहे. अमेरिकेने १९७८ मध्ये विमान भाडी आणि मार्ग यांवरील सरकारी नियंत्रण काढले, आणि चार वर्षांनी विल्यम बॉमॉल, जॉन पॅन्झार आणि रॉबर्ट विलिग या अर्थशास्त्रज्ञांनी असा सिद्धान्त मांडला की जिथे शिरणे आणि बाहेर पडणे विनाखर्च असते, तिथे प्रतिस्पर्धी येण्याची नुसती भीतीही पुरते. विमान व्यवसाय हे त्याचे आवडते उदाहरण होते, कारण कारखाना उचलून दुसरीकडे नेता येत नाही, विमान मात्र नेता येते. अनुभवाने हा सिद्धान्त विमानांच्या बाबतीत टिकला नाही. नेवार्कहून अतिशय स्वस्त भाड्याने उडणाऱ्या पीपल एक्सप्रेसला अमेरिकन एअरलाइन्सने १९८५ मध्ये जे उत्तर दिले, ते संगणकाच्या बळावर होते. लवकर तिकीट काढणाऱ्यांसाठी तितकेच स्वस्त भाडे आणि शेवटच्या क्षणी येणाऱ्यांसाठी पूर्ण भाडे, अशी विभागणी तिने एकाच विमानात केली. पीपल एक्सप्रेसकडे ही यंत्रणा नव्हती, आणि दोन वर्षांत ती संपली. विमान हलवता येते हे खरे. परंतु प्रवाशांच्या सवयी, आरक्षणाची यंत्रणा, प्रशिक्षित वैमानिक आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे विमानतळावरची वेळ हलवता येत नाही.

या वेळेला व्यवसायात स्लॉट म्हणतात. गर्दीच्या विमानतळावर अमुक दिवशी अमुक वाजता उतरण्याची किंवा निघण्याची परवानगी असा त्याचा अर्थ. मुंबई विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते आणि तासाला साधारण ४६ विमानांची ये-जा होऊ शकते. सकाळी सात ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते नऊ या वेळांना व्यावसायिक प्रवासी भाड्याची फिकीर न करता तिकीट काढतात. दुपारी दोनच्या विमानात तोच माणूस बसत नाही. जगभर रूढ असलेल्या नियमानुसार, एखाद्या हंगामात मिळालेल्या वेळेपैकी ८० टक्के वापरली की पुढच्या हंगामात तिच्यावर त्याच कंपनीचा पहिला हक्क राहतो. उरलेल्या वेळांपैकी निम्म्या नव्यांना द्याव्यात, असेही तो नियम सांगतो. पण भरलेल्या विमानतळावर उरतेच काय? पहाटे तीनची किंवा भर दुपारची वेळ. नव्या कंपनीचे विमान जुन्या कंपनीइतकेच महाग, इंधन तितकेच महाग, वैमानिकाचा पगार तितकाच, आणि प्रवासी मात्र ज्या वेळेला कमी पैसे देतात ती वेळ तिच्या वाट्याला. तिचा तोटा पहिल्याच दिवशी ठरलेला असतो.

या वेळेची किंमत किती असते, हे आपल्याच एका कंपनीने दाखवून दिले आहे. जेट एअरवेजने २०१३ मध्ये लंडनच्या हीथ्रो विमानतळावरील आपल्या तीन जोड वेळा एतिहाद एअरवेजला सात कोटी डॉलरना विकल्या आणि मग त्याच भाड्याने घेऊन आपली विमाने चालू ठेवली. हीथ्रोवर उतरण्याचा दिवसातला तीनदा मिळणारा हक्क सात कोटी डॉलरचा, आणि मुंबईत सकाळी सातला उडण्याचा हक्क मात्र ताळेबंदात कुठेही न दिसणारा. तो शासनाने दिलेला आहे, लोकांच्या जमिनीवर बांधलेल्या धावपट्टीवर आहे, आणि व्यवहारात तो पिढीजात वतनासारखा चालत राहतो. आपल्याकडे त्याची उघड विक्री होत नाही ही चांगलीच गोष्ट आहे. पण विक्री नाही म्हणून मालकी नाही, असा समज करून घेणे चुकीचे ठरेल.

कंपनी कोसळते तेव्हा हे सर्वांत स्पष्ट दिसते. १७ एप्रिल २०१९ च्या रात्री अमृतसरहून मुंबईला आलेले विमान हे जेटचे शेवटचे उड्डाण ठरले. सुमारे वीस हजार कर्मचारी, बँकांचे आठ हजार कोटींहून अधिक कर्ज, आणि मुंबई-दिल्लीतील अत्यंत मोक्याच्या वेळा. भाडी भडकली होती, म्हणून सरकारने त्या वेळा उरलेल्या कंपन्यांना तात्पुरत्या वाटल्या. त्या क्षणी दुसरे काही करणे कठीण होते हे मान्य. नंतर जेटला पुन्हा उभे करण्याची योजना मंजूर झाली, तेव्हा जुन्या वेळांवर कंपनीचा हक्क नाही अशी भूमिका सरकारने घेतली. तत्त्वतः ती बरोबरच आहे, कारण वेळ ही कंपनीची मालमत्ता नसते. फक्त तेच तत्त्व जिवंत कंपन्यांना लावले जात नाही. ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जेटची मालमत्ता विकून देणी भागवण्याचा आदेश दिला आणि तो अध्याय संपला. त्याआधी मे २०२३ मध्ये गो फर्स्ट, म्हणजे पूर्वीची गोएअर, थांबली होती. तिने इंजिने पुरवणाऱ्या प्रॅट अँड व्हिटनीला दोष दिला. त्याच कंपनीच्या इंजिनांतील दोषामुळे इंडिगोचीही पन्नासहून अधिक विमाने जमिनीवर होती. फरक इतकाच की, शेकडो विमाने असलेली कंपनी तेवढी विमाने उभी ठेवून तग धरू शकते, जिच्याकडे पन्नाससाठच आहेत तिला ते शक्य नसते. म्हणजे सर्वांना सारखाच बसलेला धक्काही शेवटी मोठ्याचा हिस्सा वाढवून जातो.

स्पर्धा आयोगाने काहीच केले नाही असे नाही. मालवाहतुकीवरील इंधन अधिभार संगनमताने ठरवल्याबद्दल त्याने २०१५ मध्ये जेट, इंडिगो आणि स्पाइसजेट यांना मिळून सुमारे २५८ कोटींचा दंड केला. अपिलानंतर प्रकरण परत आले आणि २०१८ मध्ये तो ५४ कोटींच्या आसपास उतरला. परंतु दंड हा झालेल्या कृतीवर असतो. बाजाराची रचनाच जिथे एका बाजूला कलली आहे, तिथे आयोगाच्या हाती खरे साधन येते ते विलीनीकरणाला परवानगी देतानाच. अमेरिकन एअरलाइन्स आणि यूएस एअरवेज यांचे २०१३ मध्ये विलीनीकरण झाले, तेव्हा तेथील न्याय खात्याने वॉशिंग्टनच्या रेगन विमानतळावरील १०४ आणि न्यूयॉर्कच्या लाग्वार्डियावरील ३४ वेळा सोडायला लावल्या, आणि त्या स्वस्त भाड्याच्या कंपन्यांकडे गेल्या. आपल्याकडे एअर इंडिया आणि विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ रोजी एक झाल्या. अशा प्रसंगी मुंबई आणि दिल्लीतील सकाळ-संध्याकाळच्या काही वेळा नव्या कंपन्यांसाठी मोकळ्या करणे ही परवानगीची पहिली अट असायला हवी, असे माझे ठाम मत आहे.

भाड्यावर कमाल मर्यादा घालणे हा उपाय जनतेला तात्काळ आवडतो, आणि संकटाच्या चार दिवसांत तो आवश्यकही असतो. कायमचा उपाय म्हणून तो उलट फळ देतो. करोनाकाळात मे २०२० पासून ऑगस्ट २०२२ पर्यंत भाड्यांना वरची आणि खालची अशा दोन्ही मर्यादा होत्या. वरची मर्यादा प्रवाशांसाठी, आणि खालची यासाठी की धनवान कंपनीने भाडे पाडून दुबळ्यांना संपवू नये. असा धोका आहे हे सरकारनेच त्या रीतीने मान्य केले होते. मर्यादा उठल्या आणि तो धोका पुन्हा नजरेआड झाला. गर्दीच्या दिवशी मिळणारे जास्तीचे उत्पन्न हेच नव्या कंपनीला वर्षभराचा तोटा भरून काढण्याचे साधन असते. ते कायमचे काढून घेतले, तर ज्यांच्याकडे आधीच गंगाजळी आहे तेच उरतील.

लहान शहरांच्या बाबतीतही हीच गोष्ट वेगळ्या रूपात दिसते. २७ एप्रिल २०१७ रोजी उडान योजनेतील पहिल्या उड्डाणांत नांदेड-हैदराबाद हा मार्ग होता. मराठवाड्यातील माणसाला त्या दिवशी वाटलेला आनंद खरा होता. योजनेत सरकार तोट्याची भरपाई देते आणि तीन वर्षे त्या मार्गावर दुसऱ्याला येऊ देत नाही. महालेखापालांनी २०२३ मध्ये दिलेल्या अहवालानुसार, पहिल्या तीन टप्प्यांत दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ सुरूच झाले नाहीत. सुरू झालेल्या ३७१ पैकी ११२ मार्गांनी तीन वर्षे पूर्ण केली आणि त्यानंतर मार्च २०२३ पर्यंत टिकले ते फक्त ५४. नांदेडहून उडणारी ट्रूजेट स्वतःच २०२२ मध्ये बंद पडली. सिंधुदुर्गातील चिपी विमानतळ ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाला आणि तीन वर्षांत तेथील मुंबईची सेवा थांबली. या अपयशाची कारणे अनेक असतील. त्यांतले एक मात्र उघड आहे: लहान शहराचे विमान जेथे जाऊ पाहते त्या मुंबईत त्याला सोयीची वेळ मिळत नाही. कोकणातल्या माणसाला सकाळी मुंबईला येऊन संध्याकाळी परत जायचे असते. भर दुपारी तासाभरासाठी उतरणाऱ्या सत्तर आसनी विमानाचा त्याला काय उपयोग? सत्तर आसनांच्या विमानाला आणि एकशे ऐंशी आसनांच्या विमानाला धावपट्टीवर तितकाच वेळ लागतो, म्हणून मोठ्या विमानाला प्राधान्य मिळते. चंद्रपूर, सोलापूर, सिंधुदुर्ग यांच्यासाठी मुंबईत वेळ राखून ठेवणे हा धोरणाचा विषय आहे, आणि तो विमानतळ चालवणाऱ्याच्या नफ्यावर सोडता येणार नाही.

इंधनावरील कराबद्दल थोडक्यात सांगतो. विमानाचे इंधन अजून जीएसटीच्या बाहेर आहे आणि प्रत्येक राज्य आपला कर लावते. महाराष्ट्राने २०२३ च्या अर्थसंकल्पात मुंबई, पुणे आणि रायगडसाठी तो २५ वरून १८ टक्क्यांवर आणला. हे पाऊल चांगले होते. ज्या कंपनीची विमाने देशभर फिरतात ती स्वस्त कराच्या राज्यात टाकी भरून घेते, आणि जिची सेवा एकाच राज्यात आहे तिला तो मार्ग नसतो.

अधिक तातडीचा प्रश्न प्रवाशांच्या पैशांचा आहे. विमानाचे तिकीट आपण आठवडे, कधी महिने आधी काढतो. तो पैसा त्याच दिवशी कंपनीच्या खात्यात मिसळतो आणि जुनी देणी भागवण्यात खर्च होतो. कंपनी बंद पडली की प्रवासी विनातारण धनको म्हणून रांगेच्या शेवटी उभा राहतो, आणि महिनोन्‌महिने पगार न मिळालेला कर्मचारीही त्याच रांगेत असतो. भाडेपट्ट्याने विमाने देणाऱ्यांचे हितसंबंध जपण्यासाठी सरकारने ऑक्टोबर २०२३ मध्ये अधिसूचना काढून विमानांना दिवाळखोरीत वसुलीला मिळणाऱ्या स्थगितीतून वगळले, आणि २०२५ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदाही केला. विमाने स्वस्तात भाड्याने मिळायची तर हे करावे लागते, त्यामुळे त्याला माझा विरोध नाही. पण डब्लिनमधील भाडेकंपनीसाठी जो कायदा दोन वर्षांत होऊ शकतो, तो सुट्टीत गावी जायला चार तिकिटे काढलेल्या कुटुंबासाठी का होऊ नये? ब्रिटनमध्ये १९७३ पासून सहलीच्या प्रवाशांसाठी अशी संरक्षण योजना आहे. प्रत्येक प्रवाशामागे अडीच पौंड एका निधीत जमा होतात. २०१७ मध्ये मोनार्क एअरलाइन्स कोसळली तेव्हा परदेशात अडकलेल्या लाखाहून अधिक लोकांना सरकारी यंत्रणेने परत आणले. प्रवाशाला अशी खात्री असेल, तर तो नव्या कंपनीचे तिकीट न घाबरता काढेल. आज तो घाबरतो आणि जी कंपनी बुडणार नाही असे वाटते तिच्याकडेच जातो, म्हणजे संरक्षणाचा अभावही मोठ्या कंपनीच्याच पथ्यावर पडतो.

आणि आता नवी मुंबई. उलव्याजवळील विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ रोजी प्रवासी वाहतूक सुरू झाली. पहिल्या टप्प्यात वर्षाला दोन कोटी प्रवाशांची सोय तेथे आहे. मुंबई महानगराला कित्येक दशकांत प्रथमच रिकामी धावपट्टी मिळाली आहे, आणि सकाळी सातच्या वेळेवर तेथे अजून कोणाचा वारसाहक्क नाही. दोन्ही विमानतळ एकाच समूहाच्या ताब्यात असल्याने, वेळांचे वाटप त्या समूहाच्या आणि मोठ्या कंपन्यांच्या आपसातील करारांवर सोडणे तर अधिकच धोक्याचे आहे. ज्या कंपनीकडे लवकर विमाने आणण्याची ताकद आहे ती पहिल्या काही हंगामांतच उत्तम वेळा भरून टाकेल, ८० टक्क्यांची अट सहज पाळेल, आणि पाच वर्षांनी नवी मुंबईतही सांताक्रूझसारखीच स्थिती होईल. यासाठी सकाळ-संध्याकाळच्या गर्दीच्या तासांतील ठरावीक हिस्सा, आणि तितकाच महत्त्वाचा म्हणजे रात्री विमान उभे करण्याच्या जागांचा हिस्सा, ज्यांची देशातील बाजारपेठ दहा टक्क्यांहून कमी आहे अशा कंपन्यांसाठी दहा वर्षे राखून ठेवावा. तो वापरला गेला नाही तर एका हंगामापुरता इतरांना द्यावा, मात्र त्यावर कोणाचाही हक्क निर्माण होऊ देऊ नये. एकाच कंपनीला एका तासातील निम्म्याहून अधिक वेळा मिळणार नाहीत अशी मर्यादा असावी. आणि स्वतःच्या चुकीने सामूहिकरीत्या उड्डाणे रद्द करणाऱ्या कंपनीच्या वेळा काढून घ्यायच्या असतील, तर त्या कोणाला आणि कोणत्या निकषावर दिल्या हे जाहीर करणे डीजीसीएला बंधनकारक असावे. या वाटपाच्या याद्या आज सामान्य नागरिकाला सहज पाहता येत नाहीत. सिडकोचा या विमानतळात २६ टक्के वाटा आहे, म्हणजे महाराष्ट्र शासन तेथे भागधारक म्हणून बसलेले आहे. हा प्रश्न त्या टेबलावर मांडण्यासाठी त्याला दिल्लीच्या परवानगीची गरज नाही, आणि वर्षातून दोनदा बदलणाऱ्या वेळापत्रकाचे पहिले काही हंगाम उलटण्याआधीच तो मांडला गेला पाहिजे.